पाठीवरचे ओझे आणि पुण्याचा हमाल

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार मालाची मालमोटार आली की ती रिकामी करण्याचा भार बव्हंशी माणसाच्या पाठीवरच येतो. हे काम निव्वळ अंगबळाचे आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही.

वाकून ओझे उचलताना कंबर तरफेच्या टेकूसारखी वागते. पाठीचे स्नायू या टेकूपासून जेमतेम ५ सेंटिमीटर अंतरावरून जोर लावतात. हातातील ओझे मात्र ५० सेंटिमीटर पुढे असू शकते. अशा स्थितीत २० किलोचे ओझे तोलण्यास स्नायूंना सुमारे २०० किलोंइतका जोर लावावा लागतो. तेच ओझे अंगालगत, २० सेंटिमीटरवर आणल्यास ८० किलोंचा जोर पुरतो. या जोराचा दाब कमरेच्या मणक्यांमधील चकतीवर पडतो. ती सरकून मज्जातंतू दबला की कळा पायापर्यंत जातात आणि हमालाची मजुरी थांबते. म्हणूनच गुडघे वाकवून, ओझे अंगाशी घेऊन, मांड्यांच्या जोरावर उठावे; वळताना कमरेला पीळ न देता पावले वळवावीत. जमिनीवरचे पोते उचलणे सर्वांत कठीण असल्याने माल कमरेच्या उंचीच्या ओट्यावर ठेवणे हिताचे ठरते.

परंतु या पद्धतीलाही मर्यादा आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही, हाताने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचविली होती. पुण्याच्या बाजारात मात्र १०० किलोंचे पोते दीर्घकाळ रूढ होते. एवढे वजन निर्धोकपणे पेलण्याची कोणतीही युक्ती नाही; आणि पोत्यात किती भरावे, हे हमालाच्या हाती कधीच नव्हते.

वैद्यकीय व्यवसायातून या चळवळीत आलेले डॉ. बाबा आढाव (१९३०–२०२५) यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या हमाल पंचायतीने हा प्रश्न मजुरीच्या दराइतकाच महत्त्वाचा मानला. ५० किलोंच्या पोत्याची मागणी तिने नेटाने लावून धरली. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने मंडळाकडे नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी व वैद्यकीय साहाय्य यांची तरतूद केली. ज्याला एक ठरावीक मालक नाही, अशा कामगाराला त्यामुळे कायद्याचे संरक्षण लाभले.

पोते हलके झाले तरी नगावर मजुरी घेणाऱ्याची घाई ओसरत नाही. दर पोत्यामागे निम्मा झाला, तर तेवढ्याच कमाईसाठी खेपा दुप्पट होतात. त्यामुळे वजनाची बोलणी दराच्या बोलण्यांपासून वेगळी करता येत नाहीत. शिवाय ५० किलो हे २३ किलोंच्या दुपटीहून अधिकच आहेत. दोघांनी मिळून पोते उचलून देणे आणि गाळ्यापर्यंत हातगाडी वापरणे, एवढे तरी प्रत्येक गाळ्यावर शक्य आहे.