ट्रॅक्टरच्या वांकलेल्या व भेगाळलेल्या भागांची दुरुस्ती

जुन्या ट्रॅक्टरची गोष्ट म्हाताऱ्या बैलासारखी नाहीं. बैलाचें वय झालें म्हणजे त्याची शक्ति परत येत नाहीं. ट्रॅक्टरचा एखादा भाग मोडला, तरी बाकीचे शाबूत असतात, आणि तो एक भाग नीट झाला म्हणजे यंत्र पुन्हां पूर्ववत् चालूं लागतें. परंतु कोणता भाग कशानें व कोठपर्यंत दुरुस्त करावयाचा, हें न समजल्यामुळें दोन प्रकारचें नुकसान होतें. एक, नीट होण्याजोगा भाग भंगारांत जातो; आणि दुसरें, भंगारांत जावयास हवा असा भाग ठोकून जोडून पुन्हां बसविला जातो व ऐन उतारावर, भरलेली ट्रॉली मागें असतांना मोडतो. पहिल्यांत पैसा जातो, दुसऱ्यांत माणूस जातो. म्हणून या लेखांत दुरुस्तीची रीत सांगतांना दुरुस्तीची मर्यादाही सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यंत्राची घडण

१९१७ सालीं अमेरिकेंत फोर्डसन ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागला. त्यापूर्वींच्या पुष्कळ यंत्रांस खालीं लोखंडी चौकट असे व तीवर इंजिन, गिअरपेटी वगैरे भाग बसविलेले असत. फोर्डसनमध्यें ती चौकट काढून टाकून इंजिन, गिअरपेटी व मागच्या ॲक्सलची पेटी हे बिडाचे मोठे भाग एकमेकांस बोल्टांनीं जोडण्यांत आले, आणि तेंच यंत्राचें पाठीचें हाड झालें. १९४६ पासून इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें निघालेल्या फर्ग्युसनच्या टीई-२० ट्रॅक्टरची मांडणीही अशीच होती. १९६० सालीं स्थापन झालेल्या मद्रासच्या टॅफे कंपनीनें मॅसी फर्ग्युसनच्या नमुन्यावर बांधलेले जे जुने ट्रॅक्टर आपल्या शेतांत दिसतात, त्यांची घडणही त्याच वळणाची आहे. यावरून हें ध्यानांत येईल कीं, पेटीला गेलेली भेग ही नुसती तेल गळण्याची बाब नव्हे. ज्या हाडावर सगळा भार आहे, त्या हाडालाच ती गेलेली असते.

धातूची ओळख

दुरुस्तीचें पहिलें पाऊल म्हणजे मोडलेला भाग कोणत्या धातूचा आहे हें ओळखणें. ट्रॅक्टरमध्यें मुख्यत्वें तीन प्रकार आढळतात. पहिला बीड, म्हणजे ओतीव लोखंड. यांत कार्बनचें प्रमाण सुमारें शेंकडा २.५ ते ४ असतें. इंजिनाचा ठोकळा, गिअरपेटी, ॲक्सलची पेटी व पुढच्या ॲक्सलचा आधार हे भाग बहुधा याचेच. दुसरा नरम पोलाद, यांत कार्बन शेंकडा ०.२५ च्या आंत असतो. चाकावरील पंखे, पायऱ्या, पट्ट्या व सामान्य कंसांस तो वापरतात. तिसरा कसाचें व पाणी दिलेलें पोलाद. स्टीअरिंगचे दांडे, ॲक्सल, गिअर, पिना व उंच प्रतीचे बोल्ट यांचे करितात.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. भागावर हातोडीनें हलकेंच वाजवावें. पोलाद खणखणतें, बिडाचा आवाज बद्द येतो. छन्नीनें कोपरा तासून पाहावा. पोलादाची लांब वेटोळी साल निघते, बिडाचे मात्र बारीक तुकडे उडतात. मोडलेला पृष्ठभाग राखी रंगाचा व रवाळ दिसला, तर तें बीड समजावें. फिरत्या सहाणेच्या चाकास भाग टेकविला असतां बिडाच्या ठिणग्या आंखूड व तांबूस निघतात, नरम पोलादाच्या लांब व पिंवळसर पांढऱ्या निघतात, आणि कसाच्या पोलादाच्या ठिणग्यांस टोकाशीं फुलबाजीसारखे पुष्कळ फांटे फुटतात. ही परीक्षा भागाच्या बिनकामाच्या कडेवर करावी.

१९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडीचे बिडाचे नांगर ज्या घरांत चालले, त्या घरांतील वडिलधाऱ्यांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक होती: बीड दाबाला सोसतें, पण वांकत नाहीं, वांकवूं गेल्यास तुटतें. तोच नियम येथेंही लागू आहे. बिडाचा भाग वांकडा झाल्यासारखा दिसला, तर तो बहुधा कोठें तरी भेगाळलेला किंवा बोल्टांतून सरकलेला असतो. त्यावर घण चालविणें म्हणजे उरलेला भागही गमावणें होय.

वांकलेले भाग

वांकलेला भाग सरळ करण्यापूर्वीं तो किती व कोठें वांकला आहे, हें मोजून घ्यावें. ज्या भागांची जोडी असते, जसे मागच्या अवजाराचे खालचे दोन दुवे, त्यांत चांगला भाग शेजारीं ठेवून मोजणें उत्तम. जोडी नसेल तर दोन्ही टोकांच्या भोंकांच्या मध्यांतून दोरी ताणावी व दोरीपासूनचें अंतर खडूनें लिहून ठेवावें. डोळ्यानें सरळ दिसलेला दुवा बोटभर आंखूड राहिला, तर नांगर तिरपा चालतो आणि दोष नांगराचा ठरतो.

नरम पोलादाचा भाग थोडा वांकला असेल, तर तो थंडच सरळ करावा. घणाच्या तडाख्यापेक्षां स्क्रूच्या दाबयंत्रानें किंवा जॅकनें सावकाश दिलेला दाब बरा. पोलादास थोडी उसळी असते. म्हणून सरळ रेषेच्या किंचित् पलीकडे नेऊन सोडावें, म्हणजे तें मागें येऊन जागेवर स्थिरावतें. एकच भाग वारंवार इकडून तिकडे वांकवूं नये. त्यानें धातु थकतो व तार वांकवून तोडावी तसा तुटतो.

बांक मोठा असेल तर भाग तापवून घ्यावा लागतो. येथें रंगाकडे लक्ष द्यावें. सुमारें ५५० अंश सेल्सिअसला अंधारांत मंद लाली दिसूं लागते, ८०० च्या सुमारास तांबडा रंग चांगला उजळतो, आणि ९०० च्या पुढें नारिंगी छटा येते. तांबडा रंग उजळल्यावर काम करावें व लाली जातांच थांबावें. भाग निळसर पडेल इतपतच, म्हणजे सुमारें २०० ते ३७० अंशांपर्यंत, तापलेला असतांना पोलाद उलट ठिसूळ होतें. अशा वेळीं ठोकल्यास तें तडकतें. उन्हांत काम करतांना लाली नीट दिसत नाहीं, म्हणून भट्टी सावलींत असावी. सरळ झालेला भाग पाण्यांत बुडवूं नये. कोरड्या जागीं आपोआप निवूं द्यावा.

पाणी दिलेल्या पोलादाची गोष्ट निराळी. तें तापविलें कीं कारखान्यांत दिलेलें पाणी उतरतें, आणि बाहेरून तसाच दिसणारा भाग आंतून मऊ होतो. लोहारानें अंदाजानें पुन्हां पाणी दिल्यास तो मऊ राहील किंवा कांचेसारखा ठिसूळ होईल. नेमका पूर्वींचा कस येईल याचा भरंवसा धरतां येत नाहीं.

भेग शोधणें

सरळ केलेल्या प्रत्येक भागाची बांकाच्या बाहेरच्या बाजूस भेगेसाठीं तपासणी करावी. केंसासारखी भेग डोळ्यास दिसत नाहीं. त्यासाठीं भाग स्वच्छ धुवून कोरडा करावा, त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावून अर्धा तास ठेवावें, मग कापडानें पुसून खडूची बारीक पूड किंवा चुन्याचा पातळ हात द्यावा. भेगेंत शिरलेलें तेल हळूहळू बाहेर झिरपतें व पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. ही रेघ कोठें संपते तें पाहून तेथें खूण करावी. कारण भेग डोळ्यास दिसते त्याहून पुढें गेलेली असते.

बिडाची भेग जोडणें

बिडाची भेग वाढण्याचें कारण असें कीं, तिच्या टोकाशीं सगळा ताण एका बिंदूवर एकवटतो. म्हणून प्रथम दोन्ही टोकांच्या किंचित् पुढें ३ ते ५ मिलिमीटरचें भोंक पाडावें. गोल भोंकाच्या कडेवर ताण पसरतो व भेग तेथें थांबते. त्यानंतर भेगेच्या लांबीभर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खांच करावी. तेलांत मुरलेल्या भागास हलकी आंच देऊन आंतील तेल बाहेर काढावें व पुसावें. तेल राहिलें तर जोड फोडासारखा पोकळ होतो.

पुढें दोन मार्ग आहेत. पहिला पितळी जोड. यांत बीड वितळवीत नाहींत. सुमारें ९०० अंशांपर्यंत तापवून त्यावर टांकणखारासारख्या द्रव्याच्या साह्यानें पितळेची कांडी वितळवितात. बीड स्वतः सुमारें ११५० अंशांच्या पुढें वितळतें, त्यामुळें मूळ भागास इजा कमी होते. मात्र पितळ उष्णतेनें नरम पडतें. म्हणून धुराड्याच्या फांटेनळीस हा जोड देऊं नये.

दुसरा मार्ग निकेलच्या कांडीनें विजेचें वेल्डिंग. नेहमींच्या पोलादी कांडीनें बीड जोडलें तर जोडाच्या कडेस कठीण व ठिसूळ थर तयार होतो आणि निवतांना जोडाशेजारीं नवीन भेग जाते. ‘टण्’ असा आवाज ऐकूं आला म्हणजे तें झालें असें समजावें. निकेलची कांडी वापरूनही घाई चालत नाहीं. एका वेळीं सुमारें २५ मिलिमीटरच जोड द्यावा, तो गरम असतांनाच गोल तोंडाच्या हातोडीनें हलके ठोके मारावे, म्हणजे आकुंचनाचा ताण कमी होतो; मग जोडाशेजारीं हात ठेववेल इतकें निवूं द्यावें, आणि पुढचा तुकडा दुसऱ्या टोकाकडून घ्यावा. काम पुरें झाल्यावर भाग कोरड्या राखेंत किंवा चुन्यांत पुरून सावकाश, शक्य तर रात्रभर, निवूं द्यावा. वारा किंवा पाणी लागूं देऊं नये.

इंजिनाच्या पाण्याच्या कप्प्यास गेलेल्या भेगेस उष्णता न देतां एकमेकांत गुंतलेले आंट्याचे खिळे बसवून शिवण्याचीही रीत आहे. तें काम माहितगाराकडूनच करवावें.

वेल्डिंगपूर्वींची दक्षता

बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्या. वेल्डिंगच्या यंत्राची परतीची तार जोडाच्या अगदीं जवळ लावावी. दूर लावल्यास वीज बेअरिंगांतून जाऊन त्यांवर खड्डे पाडते. ट्रॅक्टर नुसत्या जॅकवर उभा करून खालीं कोणी जाऊं नये; भक्कम लांकडी ठोकळे द्यावे. डिझेलची रिकामी टाकी निर्धोक समजूं नये. आंतील वाफेमुळें ती स्फोटानें फुटते. तसेंच टायर चढविलेल्या चाकाच्या पोलादी कड्यास कधींही आंच देऊं नये. हवा सोडलेली असली तरी आंतील रबर जळून वायु सांठतो, आणि टायर तोफेसारखा फुटून जवळचा माणूस दगावतो.

कोणते भाग दुरुस्त करूं नयेत

स्टीअरिंगचे दांडे व हात, पुढच्या चाकांचे खुंट, ब्रेकच्या दांड्या व पायपट्टी, ट्रॉली ओढण्याची पिन व कडें, हे भाग वांकले किंवा भेगाळले असतां नवीनच बसवावे. त्यांस सरळ करणें व जोडणें दोन्ही वर्ज्य. कोणत्याही भागाविषयीं मनांत संशय असेल, तर स्वतःस एकच प्रश्न विचारावा: हा भाग भर वेगांत अचानक तुटला तर काय होईल? उत्तर ‘काम थांबेल’ असें असेल, तर दुरुस्ती करून पाहण्यास हरकत नाहीं. उत्तर ‘यंत्र ताब्यांतून जाईल’ असें असेल, तर पेरणी एक दिवस लांबली तरी चालेल, पण जुना भाग पुन्हां बसवूं नये.

मूळ कारण

भाग मोडला त्याचें कारण न शोधतां केलेली दुरुस्ती टिकत नाहीं. पुढच्या ॲक्सलचा बिडाचा आधार बहुधा ढिल्या बोल्टांमुळें तडकतो. चार बोल्टांचा भार दोहोंवर आला म्हणजे बिडाचा कान तुटतो. म्हणून जोड दिल्यावर बोल्ट त्याच प्रतीचे, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा जो मूळ अंक असेल तोच पाहून, नवे घालावे, व पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हां आवळावे. जुन्या यंत्रांत इंची आंटेही असतात. त्यांत मिलिमीटरचा बोल्ट बळानें फिरवूं नये. इंजिनाचा ठोकळा किंवा वरचें झांकण तडकतें तें पुष्कळदां उकळलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतल्यामुळें. इंजिन निवूं देऊन मगच पाणी घालावें. आणि ओढीचा साखळदंड ॲक्सलला किंवा वरच्या दुव्याला कधींही बांधूं नये. त्यानें भाग वांकतात तें राहोच, ट्रॅक्टरचें तोंड वर उचललें जाऊन तो चालकासह मागें उलटतो.

दुरुस्त केलेला भाग बसविल्यावर प्रथम हलकें काम घ्यावें, संध्याकाळीं जोडाभोंवतीं पुन्हां खडूची परीक्षा करावी, आणि आठ दिवसांनीं ती एकदां आणखी करावी. या कामास हंगाम उरकल्यानंतरचे दिवसच योग्य. मृग लागल्यावर जोड निवण्याची वाट पाहण्यास कोणासच धीर उरत नाहीं, आणि बिडाच्या जोडास तर धीरच पाहिजे.