शस्त्रक्रियेचे यश मोजायचे कसे?

"डॉक्टर, ऑपरेशन कुठं करून घ्यावं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बहुतेकांचा निर्णय "अमक्यांच्या हाताला यश आहे" अशा ऐकीव माहितीवर झालेला असतो. हाताचे यश मी नाकारत नाही. पण ते मोजता येते का, हे आज पाहू.

किती रुग्ण दगावले, हे मोजणे सर्वांत सोपे वाटते. समजा, एका रुग्णालयात शंभरात एक रुग्ण दगावतो आणि दुसऱ्यात तीन. मग पहिले चांगले म्हणायचे का? लगेच म्हणता येत नाही. दुसऱ्याकडे अपघाताचे, फुटलेल्या अपेंडिक्सचे, वयोवृद्ध आणि मधुमेही रुग्ण जास्त येत असतील. नुसता आकडा पाहिला, तर अवघड रुग्ण परत पाठवणारे रुग्णालय उत्तम ठरेल!

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांपुढे हाच पेच होता. तेथील शस्त्रक्रियांच्या निकालांची देशाच्या सरासरीशी तुलना करावी, असा कायदा 1985 मध्ये झाला. परंतु तशी सरासरीच कुणाकडे नव्हती. तेव्हा 1991 पासून 44 रुग्णालयांत डॉ. शुक्री खुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी सुरू केल्या. रुग्णाचे वय, जुने आजार, रक्तातील प्रथिने अशी माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच प्रशिक्षित परिचारिका लिहून ठेवत. त्यावरून किती मृत्यू अपेक्षित होते याचा हिशेब करून प्रत्यक्ष मृत्यूंशी ताळा घातला जाई. अपेक्षेपेक्षा मृत्यू जास्त झाले, तर कारणे शोधली जात. पुढच्या दहाएक वर्षांत तेथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू 27 टक्क्यांनी आणि गुंतागुंत 45 टक्क्यांनी घटली. याचे सारे श्रेय मोजमापाला देता येणार नाही, कारण त्या काळात भूलशास्त्रही पुढे गेले. पण चूक कुठे होते हे कळल्याशिवाय ती सुधारत नाही, हे खरे.

सुधारणेचा दुसरा मार्ग फारच साधा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये 19 मुद्द्यांची एक यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी ती मोठ्याने वाचायची. रुग्ण तोच ना? बाजू तीच ना? प्रतिजैविक दिले का? कापूस, गॉज मोजले का? नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आणि गुंतागुंतीचे 11 वरून 7 वर आले. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. अतुल गावंडे यांचे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे.

मात्र कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हीच यादी सक्तीची केल्यावर फारसा फरक दिसला नाही, असे 2014 मध्ये आढळले. कागदावर नुसत्या खुणा केल्या की काम संपत नाही. यादी वाचताना सर्वांनी थांबून ऐकले पाहिजे, आणि शंका आली तर परिचारिकेलाही सर्जनला टोकता आले पाहिजे.

वाचकहो, यात आपलाही वाटा आहे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी निःसंकोच विचारा: ही शस्त्रक्रिया येथे वर्षाकाठी किती होतात? भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर असतील ना? घरी गेल्यावर त्रास झाला तर रात्री कुणाला गाठायचे? चालू असलेली औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे न विसरता सांगा.

आणखी एक. टाके निघाले म्हणजे सारे संपले असे नाही. वरच्या नोंदीही शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांपर्यंत ठेवल्या जात, त्याचे कारण हेच. जखमेतून पू, ताप, पोटरीला सूज किंवा धाप, यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. आणि दुसरीकडे उपचार घेतले, तरी मूळच्या सर्जनला ते जरूर कळवा. रागाने किंवा संकोचाने आपण गप्प राहिलो, तर त्यांच्या वहीत आपली नोंद 'बरा झाला' अशीच राहते, आणि पुढच्या रुग्णासाठी काहीच बदलत नाही.