ओंकारला, कोर्सची फी भरण्याआधी

पुणे

चि. ओंकार यास,


तुझा मेसेज वाचला. दादाचाही फोन येऊन गेला, त्याचा प्रश्न एकच: "फी भरू का?" तू पाठवलेलं माहितीपत्रकही पाहिलं. तोंड झाकलेला माणूस, काळ्या पडद्यावर हिरवे आकडे आणि सहा महिन्यांत 'वायफाय हॅकर' करून देण्याची हमी. सविस्तर लिहिते आहे, कारण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि शेवटी करायचं तेच करतोस.

फी भरू नकोस. निदान आत्ता तरी नको. तिथे शिकवतात ती साधनं फुकट मिळतात आणि ती चालवायला चार संध्याकाळी पुरतात. कमांड द्यायची, फोन आणि राउटर जोडले जाताना होणारा हँडशेक पकडायचा, त्यावर पासवर्डची यादी सोडायची. पासवर्ड सोपा असला तर सापडतो, नसला तर नाही. मी मुलाखत घ्यायला बसले की यातलं काही विचारत नाही. मी विचारते, "फोनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी नेट रखडतं. का?" इथे भलेभले गप्प होतात.

स्विचला जोडलेल्या प्रत्येक केबलला स्वतःची वाट असते. हवा मात्र सगळ्यांत मिळून एक. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. लांबच्या कोपऱ्यातलं एखादं जुनं उपकरण १ एमबीपीएसने रडतखडत बोलू लागलं, की अ‍ॅक्सेस पॉइंटच्या, म्हणजे एपीच्या, थेट खाली बसलेल्याचा नवा लॅपटॉपही ताटकळतो. मग कुणीतरी शहाणा एपीची पॉवर वाढवतो. एपीचं म्हणणं फोनपर्यंत पोचतं, फोनचं एपीपर्यंत पोचत नाही. काड्या वाढतात आणि तक्रारीही वाढतात.

म्हणून पहिली नोकरी साइट सर्व्हेची मिळाली तर नाक मुरडू नकोस. चाकणला, भिवंडीला गोडाऊनं बघ. सर्व्हे होतो रिकाम्या गोडाऊनचा, त्यावरून एपी टांगतात आणि माल नंतर भरतात. पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचले की सिग्नल त्यात जिरतो, उरलेला लोखंडी रॅकवर आपटून भलतीकडे जातो आणि स्कॅनर घेऊन फिरणारा मुलगा गल्लीच्या मधोमध अडकून बसतो. ३ डीबी गेले म्हणजे ताकद निम्मी, १० गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला, हे तोंडपाठ हवं. पण कुठल्या भिंतीने किती खाल्ले ते मोजूनच कळतं. आणि केबल ओढणाऱ्या माणसांशी नीट वाग. फॉल्स सीलिंगच्या वर काय दडलंय ते त्यांनाच ठाऊक असतं.

तुला वाटेल, मी विचारली सिक्युरिटी आणि आत्या गोडाऊन सांगत बसली. अरे, एखाद्या मजल्यावर सगळ्यांची कनेक्शन्स धडाधड तुटायला लागली, तर तो एपीचा बिघाड, शेजारच्या चॅनलचा त्रास, की कुणी खोट्या डीऑथेंटिकेशन, म्हणजे कनेक्शन तोडायला सांगणाऱ्या, फ्रेम्स सोडतंय? वायफायच्या मूळ मानकात त्या फ्रेम्सची शहानिशा करायची सोयच नव्हती. ती २००९ मध्ये ८०२.११डब्ल्यूने दिली आणि डब्ल्यूपीए३ मध्ये सक्तीची झाली. धडधाकट नेटवर्कची हवा कशी दिसते हे ज्याने महिनोन्‌महिने पाहिलंय, त्यालाच त्यातलं खोटं दिसतं. बाकीचे डॅशबोर्डवरचा लाल दिवा बघत बसतात.

बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या विद्यापीठातल्या मॅथी व्हानहूफची गोष्ट तुला सांगायचीच होती. वायफायच्या सुरक्षेचं डब्ल्यूपीए२ २००४ पासून वापरात होतं आणि त्याचा हँडशेक सुरक्षित असल्याची गणिती सिद्धताही झाली होती. व्हानहूफ दुसऱ्याच एका शोधनिबंधावर शेवटचा हात फिरवताना ओपनबीएसडीचा कोड तपासत होता. एन्क्रिप्शनची की, म्हणजे किल्ली, बसवणारं फंक्शन पाहून त्याच्या मनात आलं, हे दोनदा चाललं तर? हँडशेकचा तिसरा संदेश पुन्हा पाठवला, की तीच की पुन्हा बसते आणि पॅकेटचा आकडा मागे, सुरुवातीला जातो. २०१७ मध्ये 'क्रॅक' नावाने हे जगजाहीर झालं. सिद्धता चुकली नव्हती. की नेमकी कधी बसवायची हे तिने विचारलंच नव्हतं. असला प्रश्न कुठल्याही साधनाच्या मेनूत मिळत नाही, वाचावं लागतं. आणि हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. २००७ मध्ये पुण्यात संशोधन चालवणाऱ्या एअरटाइटच्या मंडळींनी 'कॅफे लाते' हल्ला दाखवला: ऑफिसच्या एपीजवळ न जाता, एकट्या लॅपटॉपकडूनच जुन्या डब्ल्यूईपी सुरक्षेची की काढायची.

आता एक गोष्ट कठोरपणे सांगते. शेजारच्यांच्या वायफायवर 'सहज बघितलं' हा प्रकार नको. आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलेला प्रवेश हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, दोन्हीही होऊ शकतं. कंपनीने टेस्टिंगला बोलावलं तरी कुठलं नेटवर्क, कुठल्या तारखा, कुणाची सही, हे कागदावर आल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. साहेब तोंडी म्हणाले, हे चालत नाही.

आता याची उलट बाजू बघ. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेल्या ईमेलचा माग सानपाड्यातल्या एका अमेरिकन भाडेकरूच्या घरापर्यंत गेला होता. त्याचं वायफाय परक्याने वापरलं होतं, चौकशीला मात्र त्याला सामोरं जावं लागलं. तेव्हा हवेतून आत कोण आलं हे उद्या सांगता यावं, यासाठी आपला अर्धा पगार असतो. सगळ्या ऑफिसला एकच पासवर्ड असेल तर ते सांगता येत नाही. नोकरी सोडून गेलेल्याच्या फोनमध्येही तो राहतो. म्हणून प्रत्येकाला वेगळी ओळख देणारं ८०२.१एक्स शीक, ती ओळख तपासणारा रेडियस शीक, आणि सर्टिफिकेट्स तर शीकच, कारण तिथे सगळे टाळाटाळ करतात. सरकारच्या सर्टइन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि ठरावीक घटना सहा तासांत कळवाव्या लागतात; ते लॉग वाचता येणारी माणसं कमी आहेत.

परीक्षा द्यायच्याच तर आधी सीसीएनए, मग सीडब्ल्यूएनए, आणि सीडब्ल्यूएसपी त्यानंतर. आधी कळस मग पाया नको.

माझ्याकडे ओपनडब्ल्यूआरटी चालेल असा एक जुना राउटर आणि मॉनिटर मोड असलेलं यूएसबी अडॅप्टर पडून आहे, दोन्ही कुरिअर करते. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाक, वायरशार्क आणि फ्रीरेडियस बसव. स्वतःच्याच राउटरला स्वतःचा फोन जोड आणि बीकनपासून हँडशेकच्या चार फ्रेम्सपर्यंत सगळं पकड. मग रेडियसच्या सर्टिफिकेटची खात्री न करणारा फोन खोट्या एपीला काय काय सांगून मोकळा होतो, तेही बघ. दिवाळीला येशील तेव्हा ती फाइल घेऊन ये, एकेक फ्रेम तू मला समजावून सांगायचीस. दादाशी मी बोलते. फीच्या पैशांतून सीसीएनएची परीक्षा भर आणि उरलेले वहिनीकडे दे, स्वतःकडे ठेवू नकोस.

तुझी,
आत्या