पाचवी भाकर



भाकरी, कांदा आणि ठेचा. कुणी एवढेच चित्र काढून भिंतीवर लावले तर आपण म्हणतो, "यात काय विशेष? हे तर पोरसुद्धा काढील." आज अशा साध्या चित्राकडे पाहायला शिकू या.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या समाजात लग्नप्रसंगी सुवासिनी गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढत. थोड्या रेघा, त्रिकोण आणि वर्तुळे. तेवढ्यात भाताची लावणी, कापणी, मळणी उभी राहते. जे पिकवायचे, जे खायचे, त्याच धान्याचा हा रंग!

संत थॉमस अक्विनस यांनी सौंदर्याच्या तीन खुणा सांगितल्या: पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज. त्यांत महागडेपणा नाही.

गालील सरोवराकाठी ताबघा येथील चर्चमध्ये पाचव्या शतकातील फरशीवर लहान रंगीत दगडांचे एक चित्र आहे. मध्ये भाकरींची टोपली, दोन्ही बाजूंना एकेक मासा. कलाकाराचे नाव कोणाला ठाऊक नाही. टोपलीत भाकरी मात्र चारच दिसतात. मग पाचवी कुठे? चित्र वेदीजवळ आहे आणि पाचवी भाकर वेदीवर आहे, असा अर्थ भाविक लावतात. योहानाच्या शुभवर्तमानात (६:१-१३) त्या मुलाजवळच्या भाकरी जवाच्या होत्या. ती गरिबाची भाकर, आपल्या ज्वारी-बाजरीसारखी.

आपल्या जिल्ह्याला अन्नाची किंमत सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आजही आपल्यात आहेत. ती ताटात कण ठेवत नाहीत. आणि आपण? लग्नाच्या पंगतीनंतर उष्ट्याचे ढीग पाहून आपल्याला काहीच वाटत नाही. चित्रातली भाकर 'साधी' म्हणून जो पाहत नाही, त्याला हळूहळू ताटातलीही दिसेनाशी होते. आणि मग उपाशी शेजारीही.

या आठवड्यात एक करू या. जेवणाआधीच्या प्रार्थनेनंतर क्षणभर ताटाकडे पाहू या. ही ज्वारी कोणी पेरली, कोणी खुरपली, कोणी काढली, भाकर कोणी थापली, त्यांची आठवण करू या. मग आपल्या घरातली पाचवी भाकर कोणाच्या दारी पोहोचवायची, हे मुलाबाळांसह बसून ठरवू या.