पाठ केलेली पत्रे

सहामाहीच्या उत्तरपत्रिका घरोघर पोहोचल्या आणि दहावीची परीक्षा नजरेच्या टप्प्यात आली, की टिटवाळा, खडवली, वासिंद या पट्ट्यातील मराठी शाळांत मुले घालणाऱ्या पालकांची पृच्छा दरसाल त्याच तीन प्रश्नांनी सुरू होते : इंग्रजीच्या लेखनविभागासाठी गाईड कोणते घ्यावे, संध्याकाळची लोकल पकडून मुलाला कल्याणच्या शिकवणीला धाडावे काय, आणि धाकट्याला तरी आताच इंग्रजी माध्यमात घालावे काय. माझी उत्तरे त्याच क्रमाने अशी : कोणतेही, नको, मुळीच नको.

गाईड कोणतेही चालेल, कारण त्यातून प्रश्नांचा आराखडा तेवढा समजून घ्यावयाचा आहे, आणि तो सर्वत्र सारखाच असतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची इंग्रजीची लेखी पत्रिका 80 गुणांची. त्यांपैकी पत्र, संवाद किंवा भाषण, तक्त्यावरून परिच्छेद किंवा परिच्छेदावरून तक्ता, आणि बातमी किंवा गोष्ट असे लेखनाचे 20 गुण, व शेवटी भाषांतराचे 5. पत्राचा मायना, तारीख आणि सहीची जागा एका दुपारी शिकून होते. हानी होते ती पुढे, जेव्हा त्याच गाईडमधील तयार पत्रे पोथीसारखी पाठ करविली जातात आणि मुलाला आठवेल ते प्रश्नाला चिकटवून देण्याची सवय लागते. मध्यंतरी एका मुलीने सरावाची वही माझ्यासमोर ठेवली. प्रश्न होता अपुऱ्या पाणीपुरवठ्याच्या तक्रारीचा. पाठ होते ते ध्वनिक्षेपकांच्या कर्कश आवाजाविषयीचे पत्र. तिने विषयाच्या ओळीत पाणी घातले आणि खालचा मजकूर जसाच्या तसा उतरविला, त्यामुळे नळाला पाणी येत नसल्याने वृद्धांची झोपमोड होते आणि रात्री दहानंतर तरी हा प्रकार बंद व्हावा, अशी विनंती नगरपालिकेस गेली. मुलगी मंद नव्हती. तिला लिहावयास कोणी सांगितलेच नव्हते.

माझा आग्रह जुन्या वळणाचा आहे. पत्राचा मसुदा प्रथम मराठीत करावा, आणि तोही आपल्या गावचा. समजा, फलाटावरचा दिवा बंद पडला आहे आणि स्टेशनमास्तरांस अर्ज करावयाचा आहे : दिवा कोठला, केव्हापासून बंद, रात्रीच्या कसारा लोकलने उतरणाऱ्या कोणाची अडचण होते, आणि आपले मागणे काय. एवढ्या चार गोष्टी ज्याला मराठीत नीट मांडता येतात, त्याला त्या आठ-दहा आखूड इंग्रजी वाक्यांत आणता येतात. ज्याला येत नाहीत, त्याला जगातले कोणतेही गाईड तारणार नाही. बातमीसाठी पावसाळ्यात भातसेच्या काठी लोटणारी सहलीची गर्दी आहे, भाषणासाठी त्याच नदीवरील धरणातून मुंबईला जाणारे पाणी आहे, आणि तक्त्यासाठी गाड्यांचे वेळापत्रक स्टेशनात टांगलेलेच आहे. विषयाचा एवढा ऐवज दारात असता मुलाने कधी न पाहिलेल्या शहरातील काल्पनिक वसाहतीचा पत्ता घोकावा, हे मला अजब वाटते.

भाषांतराचे ते पाच गुण मात्र शिकवण्यांतून सर्रास 'सोपे' म्हणून सोडले जातात, आणि माझे भांडण मुख्यतः त्याविषयी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी कमावले; ती पद्धत कंटाळवाणी होती, पण तिच्यातून निघालेल्या माणसाला दोन्ही भाषांत अर्ज लिहिता येई. आजही केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेची सक्तीची पत्रिका असते आणि तीत इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत भाषांतर करावे लागते. पंचवीस टक्के गुण न मिळविणाऱ्याच्या बाकी पत्रिका गुणांसाठी मोजल्याच जात नाहीत. राज्याचे भाषा संचालनालय 1960 पासून आहे, न्यायालयांत अनुवादक लागतात, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत दोन्ही भाषा जाणणारा उपसंपादक लागतो. संगणक भाषांतर करतो हे खरे. तथापि त्याने केलेली चूक ओळखणारा माणूस तरी दोन्ही भाषा जाणणारा हवा ना? दहावीनंतर विज्ञान शाखेच्या रांगेत मुलाला उभे करण्याची घाई झालेल्या पालकांना हा मार्ग हलका वाटतो. त्यांना मी एवढेच विचारतो की, आपल्या ओळखीत निर्दोष मराठी आणि निर्दोष इंग्रजी लिहिणारी किती माणसे आहेत.

राहिली शिकवणी आणि माध्यमाची गोष्ट. शाळा सुटल्यावर खडवलीहून गर्दीच्या गाडीने कल्याण गाठून, तेथे फळ्यावरचे पत्र उतरवून, रात्री अर्धपेंगुळलेल्या अवस्थेत परतणारे मूल त्या दिवशी स्वतःचे एक वाक्यही लिहीत नाही. माध्यम बदलणाऱ्यांनी तर ध्यानात घ्यावे की मराठी शाळांतही 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात. तुटवडा वर्षांचा नाही, लिहिण्याचा आहे. घरी जेवताना मुलाला इंग्रजीत भाजी मागावयास लावणारे, आणि तो अडखळला की पाहुण्यांदेखत शेजारच्या मुलीचे गुण ऐकविणारे वडील मी पाहिले आहेत. अशा घरातील मूल पाठांतराकडे वळते ते आळसाने नव्हे, भीतीने. पाठ केलेल्या वाक्यात चूक निघाली तर ती निदान गाईडची असते. अशा वडिलांनी परीक्षेपर्यंत मुलाच्या वहीस हात लावू नये, आणि रोजचे दहा ओळींचे लेखन शाळेतील शिक्षकांकडून तपासून घेण्याची मोकळीक त्याला द्यावी.