ई-टाइपच्या दिव्यांवरची काच : बदलायची तर खर्च किती?

जॅग्वार ई-टाइपच्या नाकावरची ती तिरकी, लांबट काच तडकली की मालक पहिल्यांदा काचेची किंमत शोधतो. किंमत पाहून बहुतेकांना हायसं वाटतं. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. या कामात काच हा स्वस्त भाग आहे. पैसे जातात ते क्रोमची रिंग, गंजलेले स्क्रू आणि सगळ्यात जास्त बॉनेटच्या पत्र्यावर. म्हणून काचेची ऑर्डर देण्याआधी हा हिशेब नीट मांडून घ्यावा.

आधी आपली गाडी कोणती ते बघा. मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली सीरिज 1 हीच मुळात काचेची गाडी. विमान कारखान्यात काम केलेल्या माल्कम सेयर यांनी हे अंग हवेचा अडथळा मोजून-मापून आखलं होतं, त्यामुळे दिवा खोल आत आणि त्यावर बॉनेटच्या वळणात मिसळलेली काच अशी रचना झाली. 1967 मध्ये ही काच गेली. अमेरिकेच्या नव्या सुरक्षा नियमांनी नव्या गाड्यांच्या हेडलाइटसमोर असं आवरण ठेवायला मनाई केली, आणि ई-टाइपची मोठी बाजारपेठ तिथेच होती. त्यानंतरच्या गाड्यांचे दिवे उघडे आहेत. त्यांच्यासाठी बाजारात पारदर्शक प्लास्टिकची आवरणं मिळतात, पण ती नंतर लावलेली शोभा आहे. सीरिज 1 ची काच तिथे बसत नाही, कारण दिव्याची जागा आणि भोवतीचा पत्रा दोन्ही बदललेले आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मालकांनी अशी आवरणं लावण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचावा.

सीरिज 1 असेल तर दुसरा प्रश्न : काच की अ‍ॅक्रिलिक? माझं मत स्पष्ट आहे. काचच घ्या. अ‍ॅक्रिलिक हलकं असतं, दगड लागला तर तुकडे उडत नाहीत, ओरखडे घासून काढता येतात, हे सगळं खरं. पण ते ओरखडे धुळीच्या फडक्यानेही पडतात. पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिटचा क्लीनर लागला तर त्यात बारीक भेगांचं जाळं उमटतं. पॉलिकार्बोनेट त्याहून चिवट, पण वरचा संरक्षक थर गेला की उन्हाने पिवळं पडतं. ई-टाइपच्या दिव्यांचा उजेड मुळातच तोकडा, ही तक्रार जुनी आहे. त्यावर धुरकट प्लास्टिक चढवणं म्हणजे रात्री गाडी चालवायची नाही असं ठरवणं.

मूळच्या धर्तीची काच टफन्ड असते, आणि तिचा एक गुण खिशाला लागतो : टफन केल्यानंतर ती कापता किंवा घासता येत नाही. कड थोडी घासायला गेलात तर अख्ख्या काचेचा चुरा होतो. म्हणजे नवी काच खाचेत बसली नाही तर जुळवून घ्यायचं ते रबराने आणि पत्र्याने, काचेने नाही. याच कारणाने टफन्ड काचेतला टवका विंडस्क्रीनसारखा राळ भरून दुरुस्त होत नाही. हलके ओरखडे सेरियम ऑक्साइडने पॉलिश होतात. खडीने पडलेले खड्डे जात नाहीत. तिथे पॉलिशवाल्याला पैसे देऊ नका.

आता भाग. एका बाजूला लागतात एक काच, एक रबरी सील, एक क्रोमची रिंग आणि स्क्रूंचा संच. डावी आणि उजवी काच वेगळी असते. डावं-उजवं ठरवायचं ते चालकाच्या सीटवर बसून, गाडीसमोर उभं राहून नाही. ऑर्डर चुकते ती इथेच. सुटे भाग मिळण्याची अडचण नाही. इंग्लंडमध्ये ब्रिजनॉर्थची एसएनजी बॅरट आणि नुनिटनची मार्टिन रोबी यांसारख्या कंपन्या जॅग्वारच्या सुट्या भागांसाठी ओळखल्या जातात. बजेट मांडताना एका काचेला 100 पौंड, रबर आणि स्क्रूंना मिळून 25 पौंड धरा. दोन्ही बाजूंचे 250 झाले. रिंगाही बदलायच्या असतील तर आणखी 200 धरा. किंमत विचारताना त्यात 20 टक्के व्हॅट धरला आहे का, हेही विचारा.

रिंगांच्या बाबतीत मात्र घाई नको. जुनी रिंग वाकलेली नसेल तर नवीपेक्षा तीच बरी. ती तुमच्या गाडीच्या बॉनेटवर वर्षानुवर्षं बसलेली आहे, तिची भोकं त्या भोकांशी जुळतात. तांबं, निकेल आणि क्रोम असे तिन्ही थर देणाऱ्या चांगल्या प्लेटिंगवाल्याकडून ती पुन्हा झळाळून घ्या. घासणाऱ्याने कडा झिजवल्या तर ती काचेवर नीट बसणार नाही, हे त्याला आधीच सांगा. रबर मात्र जुनं कधीही परत वापरू नये. कडक झालेलं रबर काचेला एकाच जागी दाबतं, आणि नवी काच तिथेच तडकू शकते.

मजुरीचं गणित असं. मॅन्युअलप्रमाणे काम सोपं आहे : स्क्रू काढा, रिंग उचला, रबरासकट काच बाहेर घ्या. साधा बल्ब बदलायलाही एवढं करावंच लागतं. पण साठ वर्षं पाणी प्यालेले स्क्रू सहज निघत नाहीत. एक तुटला की ड्रिल आलं, आणि रंगाला धक्का लागायची भीती आली. म्हणून दोन्ही बाजूंना मिळून चार तास धरा. जाणकार गॅरेजचा तासाचा दर 90 पौंड धरला तर 360, व्हॅटसह 432. भागांचे 250 मिळवले की साधारण 700 पौंडांत दोन्ही दिवे नव्या काचांसह तयार. नव्या रिंगा घेतल्या तर 900.

हे बॉनेट सरळ असेल तर. ई-टाइपचं बॉनेट म्हणजे गाडीचा अख्खा पुढचा भाग. ते तुकडे जोडून, सांधे हाताने घासून बनवलेलं असायचं, आणि आज रस्त्यावर असलेल्या कितीतरी गाड्यांनी कधी ना कधी नाकावर मार खाल्लेला आहे. दिव्याच्या खाचेभोवती लांबी-पुट्टी भरलेली असेल तर कारखान्याच्या मापाची काचही एका कोपऱ्यात उचललेली राहते. अशी काच स्क्रू आवळून बसवणारा मेकॅनिक तुमचे पैसे फोडतो आहे. तिथे पत्रेकाम हवं, मग रंग, आणि रंग जुळवायचा तर बहुधा पूर्ण बॉनेट रंगवावं लागतं. हा खर्च हजारांत जातो; नवं बॉनेट तर कित्येक हजार पौंडांचं. म्हणून गाडी रंगाला देणार असाल तर काच, रबर आणि रिंग आधी आणा, तात्पुरती जुळवणी करून पाहा, आणि मगच रंग चढवा. इतका मोलाचा दुसरा सल्ला या कामात नाही.

काच उघडलीच आहे तर आतलंही करून घ्या. परावर्तक काळवंडला असेल तर बदला, अर्थिंगची तार साफ करा, आतल्या खोलगट भांड्यातला गंज पाहा. नव्या रबरानंतरही आत दव धरत असेल तर बहुतेक वेळा पाणी त्या भांड्याच्या सांध्यातून येतं. उजेड वाढवायला 60/55 वॉटचा हॅलोजन बल्ब आणि रिले हा खात्रीचा मार्ग. एलईडी घेणाऱ्यांनी सावध राहावं : 3.8 लिटरच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, 4.2 निगेटिव्ह. चुकीच्या ध्रुवाचा एलईडी लावला तर काम पुन्हा उघडावं लागेल.

गाडी भारतात असेल तर भाग बाहेरून येणार. सीमाशुल्क मालाच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक आणि विमा धरून झालेल्या एकूण रकमेवर लागतं. मूळ शुल्क 15 टक्के धरलं, तर त्याच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यावर आयजीएसटी. वाहनांच्या सुट्या भागांवर तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के आहे. म्हणजे 100 रुपयांचा माल सुमारे 137 रुपयांना दारात येतो. वरचे 250 पौंड, वाहतुकीचे 60, आणि पौंड 115 रुपयांचा धरला तर हा आकडा 49 हजारांच्या घरात जातो. कुरिअरचं क्लिअरिंग शुल्क वेगळं. निर्यातीच्या मालावर ब्रिटिश व्हॅट लागत नाही, तेव्हा बिलात तो वजा झाला आहे याची खात्री करा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. त्याशिवाय फुटलेल्या काचेची भरपाई मिळवणं अवघड.

भारतात 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, पुनर्नोंदणीला 5 हजार. गाडी मूळ रूपात राखलेली असणं ही या नोंदणीची अट आहे, तेव्हा इथेही मूळच्या धर्तीची काचच बरी. मुंबई-पुण्याच्या मालकांना माझं सांगणं एवढंच, की मागवताना दोन्ही बाजूंच्या काचांबरोबर रबराचा एक जादा संच त्याच खोक्यात घ्या. वाहतुकीचा खर्च त्याने फारसा वाढत नाही, आणि इथल्या उन्हात रबर काचेच्या कितीतरी आधी संपतं.