अगं, प्रत्येक कॉलमला २५५च का?

वाचनालयाच्या जुन्या रजिस्टरवरून मायएसक्यूएलचं टेबल करायला बसलीस आणि कॉलमच्या लांबीपाशी अडलीस ना? बरं झालं अडलीस. आधी चहा घे, मग ऐक.

तू पाठवलेली यादी बघितली. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पिनकोड, सगळ्यांना व्हारचार २५५! खरं सांगू का, माझ्याही सुरुवातीच्या टेबलांत हाच आकडा असायचा, अगदी हो-नाहीच्या कॉलमलासुद्धा. हसू नकोस. मायएसक्यूएल ५.०.३ च्या आधी व्हारचारची कमाल मर्यादाच २५५ होती. मर्यादा केव्हाच उठली, सवय तेवढी उरली.

तुला धास्ती आहे ती जागा फुकट जाण्याची. नाही जात गं. मोठं पातेलं काढलं म्हणून आमटी वाढते का? नेहमीच्या इनोडीबी टेबलात व्हारचार जेवढा मजकूर तेवढीच जागा घेतो, वर लांबी नोंदवायला एक किंवा दोन बाईट. तेव्हा त्या आकड्याकडे नियम म्हणून बघ. पिनकोडच्या कॉलमला २५५ दिलेस, तर कुणीतरी त्यात अख्खा पत्ता टाकेल आणि डेटाबेस हूं की चूं करणार नाही. सहा दे, म्हणजे तो तिथल्या तिथे अडवेल. फक्त सर्व्हर जुना असेल तर स्ट्रिक्ट मोड चालू आहे का ते बघून घे. ५.७ पासून तो आपोआप चालू असतो. तो बंद असला की जास्तीचा मजकूर कापून टाकला जातो आणि नुसती एक वॉर्निंग येते, जी कुणी वाचत नाही.

आता मराठीचं बघ, कारण तुझी खरी मेख इथे आहे. ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव घे. आपण वाचताना चार अक्षरं मोजतो. डेटाबेस मात्र ज, हलन्ताची खूण, ञ, काना असं सुटं मोजतो आणि अकरा सांगतो. त्यातलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाईट घेतं, म्हणजे झाले तेहतीस. कॅर-लेंग्थ विचारलंस तर ११ येतील, नुसतं लेंग्थ विचारलंस तर ३३. व्हारचारच्या कंसातला आकडा या अकराशी जुळतो, तुझ्या चाराशी नाही. त्यामुळे ‘नाव काय, वीस अक्षरांत बसेल’ असं बोटांवर मोजून ठरवू नकोस.

कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ आहे ना, तेही तपास. मायएसक्यूएलमधलं जुनं ‘यूटीएफ८’ चिन्हाला तीनच बाईट देतं. मराठी त्यात बिनबोभाट बसते, म्हणून महिनोन्महिने काही कळत नाही. मग एखादी सभासद अभिप्रायात हसरा चेहरा टाकते, त्याला चार बाईट लागतात, आणि नोंदच अडते. ८.० पासून एमबी४ हेच डिफॉल्ट आहे, पण जुन्या टेबलावर भरवसा ठेवू नकोस.

नावांच्या कॉलमना मी सरळ १०० देते, पुस्तकाच्या शीर्षकाला ३००. काटकसर म्हणून ५० लिहायचा मोह होईल तुला. पण एमबी४ मध्ये ६३ पर्यंतच्या व्हारचारची लांबी एका बाईटात नोंदवता येते आणि ६४ पासून दोन लागतात. ती वेस ओलांडून कॉलम नंतर वाढवायचा म्हटलं की अख्खं टेबल नव्याने लिहावं लागतं. शंभरावरून दीडशे करणं मात्र चुटकीसरशी होतं.

आयएसबीएन आणि फोन नंबर आकडे दिसतात म्हणून इंटिजर करू नकोस हं! जुन्या दहा अंकी आयएसबीएनच्या शेवटी कधी कधी एक्स असतो, सुरुवातीला शून्यही असू शकतं, आणि इंटिजरमध्ये ते शून्य उडून जातं. २००७ पासून तेरा अंक आले, तेव्हा डॅश काढून व्हारचार १३ ठेव. फोनला २० दे, कुणाची मुलगी परदेशातून नंबर देईल.

अभिप्रायाला टेक्स्ट. त्याची मर्यादा ६५,५३५ बाईट, म्हणजे देवनागरीची २१,८४५ चिन्हं. एवढा लांब अभिप्राय लिहिणारा सभासद भेटला तर मलाही भेटव. लाँगटेक्स्ट चार जीबीपर्यंत जातो, तो तुला नकोच. पण ‘मग सगळंच टेक्स्ट करते’ असंही करू नकोस. टेक्स्टवर साधा इंडेक्स करायचा तर सुरुवातीची किती चिन्हं घ्यायची ते सांगावं लागतं, आणि शीर्षकावर तर तुला रोज शोधायचंय. पुढे कधी पोस्टग्रेसकडे गेलीस, तर तिथे टेक्स्ट आणि व्हारचार यांच्या वेगात फरक नाही, एवढं लक्षात असू दे.

आता एवढंच कर. रजिस्टरमधली सगळ्यांत लांब शीर्षकं शोध, कॅर-लेंग्थने मोज, आणि क्रिएट टेबल चालवायच्या आधी मला पाठव.